पितळी कपांवरचे वंगण कसे उतरवावे: नवख्या कारागिरांसाठी मार्गदर्शन

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसवर पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलाला पत्र्याला वंगण कसे लावायचे हे पहिल्याच दिवशी शिकवले जाते. तयार झालेल्या कपावरून तेच वंगण कसे उतरवायचे, हे मात्र बहुधा कोणी सांगत नाही. ‘सोड्यात बुडव आणि धू’ एवढ्या एका वाक्यात तो विषय संपवला जातो. पुढे निकेलचा थर पापुद्र्यासारखा सुटू लागला, सांध्याला डाग देताना (झाळताना) कथील पसरेना झाले किंवा भट्टीतून निघालेल्या मालावर काळे चट्टे दिसले, की प्लेटिंगवाल्याला किंवा भट्टीवाल्याला दोष दिला जातो. खरे कारण बहुतेक वेळा त्याआधीच्या धुलाईत असते. हा लेख लहान शेडमध्ये, हाताशी असलेल्या साधनांवर पितळी कप, नळ्या आणि टोपणे धुणाऱ्या नवख्या कारागिरांसाठी आहे.

डीप ड्रॉइंगसाठी, म्हणजे पत्रा साच्यात दाबून त्याचा खोल कप ओढण्यासाठी, जे पितळ वापरतात त्यात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. या मिश्रधातूला ‘कार्ट्रिज ब्रास’ म्हणतात, कारण काडतुसांच्या पुंगळ्या याच पितळाच्या ओढतात. अमेरिकेत परवानगी असल्यामुळे हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरतात, आणि डायमधून (साच्यातून) काढलेल्या पुंगळीवरचे वंगण उतरवल्याशिवाय ती बंदुकीत घालू नये असा तेथील दंडक आहे. बाहेरून तेलकट राहिलेली पुंगळी चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत ती जिथे बसते त्या पोकळीच्या, भिंतीला नीट धरत नाही, त्यामुळे मागून चेंबर बंद करणाऱ्या बोल्टवरचा जोर वाढतो. आत राहिलेले वंगण दारू आणि ती पेटवणारा प्रायमर खराब करते. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा बनवण्यासाठी परवाना लागतो, त्यामुळे ते काम या लेखाच्या कक्षेत येत नाही आणि तसे काम घेऊन कोणी आलाच तर त्याला परत पाठवावे. धातू मात्र तोच आहे आणि वंगणेही जवळपास तीच आहेत, म्हणून धुण्याचे शास्त्रही तेच लागू होते.

पहिले काम: वंगण कोणते आहे ते ओळखा

धुण्याचे द्रावण तयार करण्याआधी प्रेसवर कोणते वंगण वापरले होते ते विचारून घ्यावे. डब्यावरचे नाव कळले तर उत्तम. नाही कळले, तर बोटावर थोडे घेऊन पाहावे. पाण्यात टाकल्यावर जे दुधासारखे पांढरे होऊन मिसळते ते विद्राव्य तेल होय. ते उतरवायला सर्वांत सोपे असते. पाण्यावर तरंगणारे आणि चिकट, पिवळसर-तपकिरी दिसणारे बहुधा खनिज तेल असते. बोटांच्या उबेने मऊ होणारे, मेणासारखे लागणारे वंगण लॅनोलिनचे (लोकरीतून निघणाऱ्या मेणाचे) किंवा साध्या मेणाचे असू शकते. काळे, बोट रंगवणारे वंगण ग्राफाइटचे किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे असते आणि तेच सर्वांत हट्टी.

एवढा खटाटोप करण्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. वनस्पतिजन्य तेल आणि प्राणिज चरबी गरम अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या द्रावणात, गेली, की त्यांचा साबण होतो आणि तो पाण्यात विरघळून जातो. खनिज तेलाचा साबण कधीच होत नाही. सोडा कितीही घातला तरी ते तसेच राहते. त्याला बारीक थेंबांत फोडून पाण्यात तरंगत ठेवणारा डिटर्जंटच लागतो. ग्राफाइट यांपैकी कशालाच दाद देत नाही, कारण ते विरघळणारे नसून घासून काढावे लागणारे आहे. म्हणून एका वंगणावर चाललेली कृती दुसऱ्यावर फसली तर त्यात नवल काही नाही.

विदर्भात काही जुने कारागीर किरकोळ कामासाठी घरचे तेल वापरतात. शेंगदाण्याचे तेल एकवेळ चालेल, जवसाचे मात्र मुळीच नको. जवसाचे तेल हवेत सुकून वार्निशसारखा घट्ट थर धरते आणि मग सोडा त्याच्यापुढे हात टेकतो. शिवाय जवसाच्या तेलाने भिजलेल्या कॉटन वेस्टचा (पुसण्याच्या टाकाऊ सुताचा) ढीग कोपऱ्यात पडून राहिला, तर तो स्वतःच तापत जाऊन पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या पाण्यात बुडवून, झाकणाच्या लोखंडी डब्यातच ठेवाव्यात.

वंगणात सक्रिय गंधक असेल तर त्याची गोष्ट वेगळी आहे. असे तेल स्टीलवर उत्तम चालते, पितळावर मात्र काही तासांतच तपकिरी ते काळा डाग पाडते आणि तो डाग धुऊन जात नाही, कारण तो मळ नसून तांब्याचा सल्फाइड असतो. स्टीलच्या कामाचे उरलेले तेल पितळाला वापरू नये हे खरे तर प्रेसवाल्याला सांगायचे. पण माल त्याच्याकडून आपल्याकडे येतो, म्हणून आपणही विचारलेले बरे.

ताजा माल आधी धुवा

प्रेसवरून उतरलेला माल त्याच दिवशी धुतला तर निम्मे काम हलके होते. दिवस गेले की तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेला घट्ट होतो, त्यावर धूळ बसते आणि पितळाची बारीक कीस त्यात अडकते. त्याच दिवशी धुणे जमणार नसेल, तर निदान माल टोपलीत उपडा ठेवून निथळू द्यावा आणि वर कापड झाकावे.

पहिली पुसणी कोरडीच करावी. कॉटन वेस्टने किंवा जुन्या सुती कापडाने बाहेरचे जाड तेल पुसून घ्यावे. खोल कपाच्या आत कापड गुंडाळलेली काडी फिरवावी. हे काम कंटाळवाणे असते, पण जेवढे तेल कापडावर येईल तेवढे टाकीत जाणार नाही आणि सोड्याचे द्रावण दुप्पट दिवस टिकेल.

मेणाच्या वंगणाबाबत नागपूरच्या हवेचा विचार करावा लागतो. लॅनोलिन साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअसला वितळते. मे महिन्यात शेडमध्येच पारा तेवढा असतो, तेव्हा वंगण आपोआप ओघळते आणि साधी पुसणीही पुरते. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हेच वंगण थिजून कपाच्या तळाशी बसते, आणि उन्हाळ्यात उत्तम चाललेली पद्धत हिवाळ्यात निकामी झाली असे वाटते. पद्धत बदललेली नसते, फक्त धातू थंड असतो. हिवाळ्यात माल आधी साध्या गरम पाण्यात काही मिनिटे ठेवून तापवून घ्यावा आणि मगच सोड्यात न्यावा.

रॉकेल, थिनर आणि आगीचा प्रश्न

पुष्कळ शेडमध्ये पहिली धुलाई रॉकेलने किंवा मिनरल टर्पेंटाइनने करतात. खनिज तेल आणि मेण यांवर ती परिणामकारक आहे यात शंका नाही, पण रॉकेल स्वतःही तेलच असल्यामुळे त्याचा पातळ थर मागे राहतो. त्यानंतर सोड्याची धुलाई टळत नाही. ॲसिटोन किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल थर मागे ठेवत नाही, परंतु ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपास आणि आयसोप्रोपिलची सुमारे १२ अंशांना पेट घेण्याजोगी होते, म्हणजे नागपुरात जवळजवळ बाराही महिने ती पेटाऊच असते. पेट्रोलने धुण्याचा विचारही करू नये. ज्वलनशील द्रवांसंबंधीचे देशभरचे नियम ज्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेमार्फत पाहिले जातात, तिचे मुख्यालय नागपुरातच आहे. त्या नियमांत २३ अंशांखाली पेटणारी पेट्रोलियमजन्य द्रव्ये ‘अ’ वर्गात आणि २३ ते ६५ अंशांच्या दरम्यानची ‘ब’ वर्गात मोडतात, आणि रॉकेल ‘ब’ वर्गात येते. हिवाळ्यात सुरक्षित वाटणारे रॉकेल मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली सहज आपल्या पेटण्याच्या तापमानापलीकडे जाते, याचे भान ठेवावे.

संत्र्याच्या सालीतून निघणारे लिमोनीन हे तेल उत्तम ग्रीस काढणारे आहे आणि त्याचे तयार क्लीनर बाजारात मिळतात. नागपूरकराला त्याचे कौतुक वाटणे साहजिक आहे. तेही साधारण ४८ अंशांना पेटाऊ होते, म्हणून ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून ते उन्हात ठेवू नये. संत्र्याचा रस मात्र या कामाचा नव्हे. त्यातली साखर पितळावर चिकटते.

ट्रायक्लोरोइथिलीन पेटत नाही म्हणून ते सुरक्षित आहे असे काही जण सांगतील. ते माणसात कर्करोग निर्माण करणारे आहे हे सिद्ध झालेले आहे, आणि बंदिस्त यंत्राशिवाय उघड्या बादलीत ते वापरणे हा निव्वळ अविचार आहे. लहान शेडसाठी माझे मत स्पष्ट आहे: कोरडी पुसणी आणि गरम सोडा या दोहोंवर बहुतेक माल निभावतो, आणि द्रावके फक्त मेणाच्या किंवा सुकलेल्या वंगणासाठी, ब्रशने, मोकळ्या हवेत आणि थोडीच वापरावीत.

सोड्याची टाकी

दहा लिटर पाण्यात २५० ते ३०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि साधारण ५० मिलिलिटर भांडी घासण्याचा द्रवरूप साबण घ्यावा. द्रावण ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापवावे. उकळी आणू नये, कारण उकळीने फेस उतू जातो आणि पितळ मंद पडते. तापमापक नसेल तर तो विकत घ्यावा, बोटाने अंदाज घेऊ नये. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच.

कॉस्टिक सोडा जास्त जोरदार आहे म्हणून तो घालण्याचा मोह होतो. पितळातल्या जस्ताला कॉस्टिक खाते, पृष्ठभाग निस्तेज होतो आणि ॲल्युमिनियमचा एखादा तुकडा चुकून टाकीत गेला तर हायड्रोजन वायूचे बुडबुडे उठतात. पितळाला धुण्याचा सोडाच पुरे. त्यातही माल तीन ते पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ पडू देऊ नये.

टोपली सोड्यात कशी बुडवायची, याकडे नवशिक्याचे सर्वांत कमी लक्ष असते आणि बिघाड बहुधा तिथेच होतो. खोल कप उपडा बुडवला, की आतली हवा अडकून राहते. द्रावण तळापर्यंत पोहोचतच नाही आणि कपाचा तळ जसाच्या तसा तेलकट राहतो. कप उताणा बुडवला तर द्रावण आत जाते, पण टोपली वर काढताना ते सगळे आतच भरून येते आणि विसळण्याच्या टाकीत ओतले जाते. म्हणून जाळीच्या टोपलीत कप थोडे आडवे, एकमेकांत न अडकता ठेवावेत. टोपली द्रावणात तिरपी घालावी, हवेचे बुडबुडे वर येईपर्यंत सावकाश फिरवावी, मग खालीवर हलवत राहावी. वर काढताना टोपली उलट दिशेला तिरपी करावी आणि थेंब पडायचे थांबेपर्यंत टाकीवरच धरावी. कप एकात एक बसले असतील, तर त्यांच्या मधल्या भागात सोडा शिरतच नाही. अशा जोड्या हाताने सोडवाव्यात. आतून बाटलीचा नायलॉन ब्रश फिरवला तर ग्राफाइटचा काळेपणाही बऱ्यापैकी निघतो. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, कारण त्याचे कण पितळात रुतून पुढे गंजाचे ठिपके दाखवतात.

अल्ट्रासॉनिक यंत्र (ध्वनिलहरींनी धुणारी टाकी) असेल तर हेच द्रावण त्यात ५० ते ६० अंशांना तीन ते पाच मिनिटे चालवावे. माल घालण्याआधी यंत्र नुसत्या द्रावणावर काही मिनिटे चालवून पाण्यातली हवा काढून टाकावी. यंत्र ठीक चालते का हे पाहण्यासाठी ॲल्युमिनियमची पातळ फॉइल मिनिटभर आत धरावी. तिला बारीक छिद्रे पडली तर यंत्र काम करते आहे. टाकी मालाने ठासून भरू नये, आणि या यंत्रात ज्वलनशील द्रावक कधीही घालू नये.

पाणी आणि विसळणे

मनपाचे पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हानचे असते, पण औद्योगिक वसाहतीच्या आसपासच्या शेडना बोअरच्या पाण्यावर भागवावे लागते आणि ते बरेचदा जड, म्हणजे क्षारांचे, असते. जड पाण्यात सोडा पडला, की कॅल्शियमचा पांढरा गाळ बसतो आणि मालावर धुरकट थर दिसतो. त्यामुळे सोड्याच्या टाकीला शक्यतो मनपाचे पाणी घ्यावे आणि शेवटच्या विसळण्यासाठी आरओचे शुद्ध पाणी किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी ठेवावे. आरओ यंत्राच्या बाजूच्या नळीतून वाहून जाणारे पाणी फुकट मिळते म्हणून ते विसळायला वापरणारे पाहायला मिळतात; त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, त्यामुळे ते बोअरच्या पाण्याहूनही वाईट असते.

विसळण्यासाठी एका मोठ्या टाकीपेक्षा दोन लहान टाक्या बऱ्या. समजा, टोपलीबरोबर १०० मिलिलिटर सोड्याचे द्रावण वाहून आले आणि विसळण्याची टाकी दहा लिटरची आहे, तर पहिल्या टाकीत ते शंभरपट पातळ होते आणि तेवढ्याच दुसऱ्या टाकीत दहा हजारपट. एकाच टाकीत एवढे पातळ करायला हजार लिटर पाणी लागेल. दुसरी टाकी पुरेशी मळली, की तिचे पाणी पहिलीत ओतावे आणि दुसरी नव्याने भरावी.

तेल निघाले का, हे कसे कळावे

हात फिरवून पाहणे ही कसोटी नव्हे. उलट हाताचेच तेल लागते. खरी कसोटी पाण्याची. स्वच्छ पाण्यातून बाहेर काढलेला कप तिरपा धरून अर्धा मिनिट पाहावा. पाण्याचा थर अखंड, एकसारखा टिकला तर धातू स्वच्छ आहे. थर मध्येच फाटून थेंब जमले, किंवा एखाद्या भागावरून पाणी मागे सरकले, तर तिथे तेल आहे. कपाच्या ओठाजवळ आणि तळाच्या कोपऱ्याच्या गोलाईत हे सर्वांत आधी दिसते, म्हणून नजर तिथे ठेवावी.

ही कसोटी एका ठिकाणी फसवते. साबणाचा अंश उरला असेल तर तेलावरही पाणी पसरते आणि कप स्वच्छ भासतो. म्हणून शंका आली तर कप लिटरला २० ते ३० ग्रॅम सायट्रिक आम्ल घातलेल्या पाण्यात क्षणभर बुडवावा, स्वच्छ पाण्यात विसळावा आणि पुन्हा पाहावे. पांढऱ्या सुती कापडाने आतून पुसून पाहणे हीसुद्धा चांगली जोड कसोटी आहे. बनावट नोटा तपासण्याचा अतिनील दिवा जवळ असेल, तर अंधारात अनेक खनिज तेले त्याखाली निळसर चमकतात. सगळीच तेले चमकत नाहीत, एवढे लक्षात असू द्यावे.

सायट्रिक आम्लाचा दुसरा उपयोग मळकटलेले पितळ उजळण्यासाठी होतो. मिनिट-दोन मिनिटे पुरतात. जास्त वेळ ठेवल्यास पृष्ठभागावरचे जस्त निघून कप तांबूस-गुलाबी दिसू लागतात. आम्ल तेल काढत नाही, त्यामुळे तेलकट माल आम्लात घातला तर जिथे तेल आहे तिथे ते पोहोचत नाही आणि चट्टे पडतात. आधी सोडा, मग आम्ल, हा क्रम उलटा करू नये. आम्ल नेहमी पाण्यात घालावे, पाणी आम्लात घालू नये, आणि ब्लीचिंगचे पाणी आम्लाच्या जवळपासही ठेवू नये, कारण दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

वाळवणे आणि ठेवणे

शेवटचे विसळणे गरम पाण्यात केले, तर तापलेल्या धातूवरचे पाणी आपोआप उडते. एप्रिल-मे महिन्यांत पंख्याखाली दहा मिनिटे पुरतात. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत मात्र माल ६० ते ८० अंशांच्या गरम कपाटात ठेवावा लागतो. लाकडाच्या भुशात माल फिरवून वाळवण्याची जुनी पद्धतही चांगली आहे, मात्र भुसा कोरडा आणि तेलकट नसलेल्या लाकडाचा असावा. आरामशीनवर सहज मिळणारा सागाचा भुसा यासाठी नको. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकणार असाल तर आधी ती हवा पांढऱ्या कागदावर सोडून पाहावी. कागदावर पिवळसर ठिपके आले तर कॉम्प्रेसरचे तेल हवेबरोबर येत आहे, आणि एवढी मेहनत घेऊन धुतलेल्या मालावर आपण तेच पुन्हा फवारत आहोत. यापुढे मालाला हात लावायचा तो सुती हातमोजे घालूनच, कारण घामातले क्षार पितळावर बोटांचे ठसे उठवतात.

अमोनियाबाबत विशेष सांगायचे आहे. काच पुसण्याचे आणि पितळ चमकवण्याचे काही तयार द्रव अमोनियायुक्त असतात. ओढलेल्या पितळाला ते वापरू नयेत. डीप ड्रॉइंगने कपाच्या भिंतीत ताण साठून राहतो, आणि अमोनिया व ओलावा दोन्ही मिळाले की त्या ताणाच्या रेषेत पितळ तडकते. ब्रिटिश राजवटीत भारतात पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या अशाच तडकत असत. कारण लगेच कळले नाही. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि ओढलेल्या पितळातला ताण यांचा संबंध १९२१ साली स्पष्ट झाला. नागपूरच्या सीमेवरच्या अनेक शेडना आजही गोठ्याची भिंत लागून असते, किंवा त्याच शेडमध्ये युरियाची पोती ठेवलेली असतात. अशा ठिकाणी पितळी माल पावसाळाभर ठेवू नये. मोठ्या कालावधीसाठी ठेवायचाच असेल, तर भट्टीवाल्याकडून सुमारे २६० अंशांना ताण काढून घ्यावा. भट्टीत जाण्यापूर्वी माल पूर्ण स्वच्छ हवा, नाहीतर उरलेले तेल जळून कार्बनचा असा डाग पडतो, की तो बफिंगशिवाय (फिरत्या चाकावर घासल्याशिवाय) जात नाही.

टाकी आणि तिचे पाणी

सोड्याच्या टाकीवर तेलाचा तवंग जमू लागतो. टोपली वर काढताना ती त्याच तवंगातून येते आणि धुतलेला माल पुन्हा तेलकट होतो. म्हणून टोपली काढण्यापूर्वी तवंग पळीने एका बाजूला सारावा, आणि रात्रभर टाकी थंड ठेवून सकाळी वर आलेले तेल जुन्या कापडाने टिपून घ्यावे. द्रावण केव्हा बदलायचे हे दिवस मोजून ठरवू नये. पाण्याच्या कसोटीत पाच मिनिटांनंतरही कप फाटका थर दाखवू लागले आणि तापमान बरोबर असेल, तर द्रावण संपले असे समजावे. वर थोडा सोडा टाकून एखादा दिवस निघतो, त्यापुढे नाही.

टाकलेल्या द्रावणात तेलाबरोबर तांबे आणि जस्तही उतरलेले असते, म्हणून ते गटारात सोडू नये. शहरातली बरीच गटारे शेवटी नाग नदीला मिळतात. वर आलेले तेल आणि तेलकट चिंध्या वेगवेगळ्या झाकणबंद डब्यांत साठवाव्यात आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतल्या वापरलेले तेल घेणाऱ्याकडे द्याव्यात. उरलेले द्रावण आणि सायट्रिक आम्लाचे टाकाऊ पाणी थोडे थोडे एकत्र केले तर दोन्हींचा जोर उतरतो. मिसळताना कार्बन डायऑक्साइडचा फेस उठतो, म्हणून हे काम मोठ्या बादलीत, सावकाश करावे. फेस बसल्यावर मिश्रण पीएच पट्टीने तपासावे, धातूचा गाळ तळाशी बसू द्यावा, आणि तो गाळ व वरचे पाणी दोन्ही वसाहतीतल्या सामाईक प्रक्रिया केंद्राच्या नियमांनुसारच पाठवावे.